हातांनी बोलायची भाषा शाळेत का शिकवतात?

अमेरिकेतली मुलं नववीत गेली की हायस्कूल सुरू होतं आणि कोणती भाषा घेणार ते ठरवावं लागतं. यादीत स्पॅनिश असते, फ्रेंच असते, कुठे मँडरिन, कुठे लॅटिन. बऱ्याच शाळांत त्याच यादीत आणखी एक नाव असतं : एएसएल. म्हणजे अमेरिकन साइन लँग्वेज, तिथल्या कर्णबधिर समाजाची हातांनी बोलायची भाषा. तिकडच्या मराठी घरातल्या नातवानं ती निवडली, की पुण्या-नागपूरचे आजीआजोबा फोनवर हमखास विचारतात, ‘अरे, स्पॅनिश सोडून हातवारे शिकणार? त्याचे मार्क मिळतात का?’

मार्क मिळतात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत शाळेच्या भाषा विषयासाठी एएसएल चालते. कॅलिफोर्निया विद्यापीठाला प्रवेशासाठी इंग्रजीखेरीज एका भाषेची किमान दोन वर्षं लागतात, तिथेही ती चालते. पण एवढ्यानं आजीआजोबांचं समाधान व्हायचं नाही. हातवाऱ्यांना भाषा का म्हणायचं आणि ती मुलांनी का शिकायची, हे त्यांना खरं विचारायचं असतं. त्यासाठी जरा मुळापासून सुरुवात करू.

१. भाषेच्या तासाला काय साधतं?

आधी थोडा हिशेब. अमेरिकेतली शाळा वर्षाला साधारण १८० दिवस भरते. भाषेचा तास रोज ५० मिनिटांचा धरला, तर वर्षाचे १५० तास होतात. दोन वर्षांचे ३००, चार वर्षांचे ६००.

आता दुसरा आकडा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना परदेशी नेमणुकीआधी भाषा शिकवतं. इंग्रजी मातृभाषेच्या माणसाला कामकाजापुरती स्पॅनिश यायला त्यांच्या अनुभवानुसार सहाशे ते साडेसातशे तास लागतात. तेही रोज पूर्णवेळ हेच काम करणाऱ्या प्रौढांना. म्हणजे शाळेत दोन वर्षं स्पॅनिश शिकलेला मुलगा फार तर निम्म्या वाटेवर पोचलेला असतो. आपल्याकडे अकरावी-बारावीला जर्मन घेऊन शंभरपैकी पंचाण्णव मिळवणाऱ्या मुलाला बर्लिनच्या स्टेशनवर तिकीट काढताना घाम फुटतो, त्याचंही कारण हेच.

मग ही वर्षं वाया जातात का? नाही. आपण वाक्य जसं रचतो तसंच जगात सगळीकडे रचत असतील, असं मुलाला वाटत असतं. दुसरी भाषा शिकताना पहिल्यांदा हा समज मोडतो. शिवाय ज्यांच्याशी एरवी बोलणं झालं नसतं अशा माणसांकडे जायची वाट उघडते. शाळेतल्या भाषेला या दोनच कसोट्या लावायच्या : तिचं स्वतःचं पुरं व्याकरण आहे का, आणि ती बोलणारी माणसं आहेत का? लॅटिन दुसऱ्या कसोटीवर अडखळते, पहिलीच्या जोरावर टिकून आहे. एएसएलचं काय होतं ते पाहू.

२. हातवारे वेगळे, भाषा वेगळी

हातवारे आपण सगळेच करतो. अंगठा तोंडाशी नेला की ‘पाणी’, दोन बोटं ओठांशी नेली की ‘सिगारेट’. पण ‘काल पाणी आलं असतं, तर मी तुझ्याकडे आंघोळीला आलो नसतो’ हे वाक्य हातवाऱ्यांत सांगून पाहा. जमणार नाही. हातवाऱ्यांना ‘काल’ नसतो, ‘तर’ नसतो, ‘नसतो’ तर मुळीच नसतो. भाषेत हे सगळं असतं. एएसएलमध्येही हे सगळं असतं.

हे पुराव्यानिशी दाखवणारा माणूस मुळात इंग्रजीचा प्राध्यापक होता. विल्यम स्टोकी १९५५ साली वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट महाविद्यालयात शिकवायला आले. कर्णबधिरांसाठीच्या या उच्च शिक्षणसंस्थेला १८६४ साली पदवी देण्याचा अधिकार मिळाला. तो देणाऱ्या कायद्यावर अब्राहम लिंकन यांची सही आहे. विद्यार्थी आपसात हातांनी बोलत. तिथल्या शिक्षकांनाही ते मोडक्यातोडक्या इंग्रजीचं हातवाऱ्यांतलं रूप वाटे. स्टोकींना त्यात शिस्त दिसली. १९६० साली त्यांनी तसं लिहिलं, तेव्हा सहकाऱ्यांनी टिंगल केली. १९६५ साली त्यांनी डोरोथी कॅस्टरलाइन आणि कार्ल क्रोनबर्ग या दोन कर्णबधिर सहकाऱ्यांसह एएसएलचा शब्दकोश काढला.

त्यांचा शोध समजायला मराठीपासून निघू. ‘पाट’ आणि ‘वाट’ यांत फरक फक्त पहिल्या ध्वनीचा. ‘प’ला स्वतःचा काही अर्थ नाही, ‘व’लाही नाही. तरी एकाच्या जागी दुसरा आला की शब्द बदलतो. अशा मोजक्या निरर्थक तुकड्यांतून हजारो शब्द घडवणं ही मानवी भाषेची मोठी युक्ती आहे. स्टोकींना खुणांमध्ये असेच तुकडे सापडले : हाताचा आकार, हात कुठे ठेवला ती जागा आणि हालचाल. तळवा कोणत्या दिशेला आहे, हा चौथा तुकडा पुढच्या अभ्यासकांनी जोडला.

उदाहरण घ्या. पाचही बोटं पसरून अंगठा हनुवटीला टेकवला की एएसएलमध्ये ‘आई’. तोच हात, तोच आकार, पण अंगठा कपाळाला टेकवला की ‘वडील’. फरक फक्त जागेचा. आणखी एक त्रिकूट : तर्जनी कपाळावरून आडवी ओढत वाकवली की ‘उन्हाळा’, नाकाखालून ओढली की ‘कुरूप’, हनुवटीवरून ओढली की ‘कोरडं’. कपाळाचा उन्हाळ्याशी संबंध जोडता येईल, घाम पुसल्यासारखं वाटतं. पण नाकाखालच्या जागेचा कुरूपतेशी काय संबंध? काहीच नाही. ‘पाट’मधल्या ‘प’इतकाच तोही निरर्थक तुकडा आहे.

३. भुवयांचं व्याकरण

शब्द झाले, आता वाक्य. ‘तू येतोस.’ आणि ‘तू येतोस?’ यांत आपण फक्त सूर बदलतो. एएसएलमध्ये सुराचं काम चेहरा करतो. हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर भुवया वर जातात. कोण, कुठे, का असा प्रश्न असेल तर भुवया आकसतात. वाक्यभर मान नकारार्थी हलवली की तेच वाक्य नकाराचं होतं. नवशिक्या मुलाचे हात बरोबर असतात, पण चेहरा कोरा. मग प्रश्न विचारलाय की माहिती दिलीय, हे समोरच्याला कळत नाही. चेहऱ्यावरचे हे भाव नाटकी वाटतात, प्रत्यक्षात ते व्याकरण आहे आणि परीक्षेत त्याचे गुण कापले जातात.

दुसरी गंमत जागेची. आपण ‘तो’, ‘ती’, ‘ते दोघे’ म्हणतो. एएसएलमध्ये बोलणारा आपल्यासमोरच्या हवेत माणसं मांडून ठेवतो. उजवीकडे एकदा बोट दाखवून सांगितलं, ही मावशी. डावीकडे दाखवलं, हा डॉक्टर. भातुकलीत हा खडा म्हणजे आई असं एकदा ठरलं, की खेळ संपेपर्यंत तो खडा आईच असतो, तसंच हे. आता ‘देणे’ची खूण उजवीकडून डावीकडे नेली की ‘मावशीनं डॉक्टरला दिलं’. डावीकडून उजवीकडे आणली की ‘डॉक्टरनं मावशीला दिलं’. मराठी जे काम ‘नं’ आणि ‘ला’ या प्रत्ययांकडून करून घेते, ते इथे हाताची दिशा करते. एका खुणेत कर्ता, कर्म आणि क्रिया तिन्ही सांगून होतात.

गाड्यांसाठीही हाताचा एक ठरलेला आकार आहे. दोन हातांच्या दोन गाड्या करून एक दुसरीला कशी घासून गेली, कुठे वळली, हे सगळं एका झटक्यात दाखवता येतं. बोलून सांगायला तीन वाक्यं लागली असती.

पहिली कसोटी इथे पार पडली. व्याकरण आहे, आणि ते इंग्रजीहून सर्वस्वी निराळं आहे. आता दुसरी : ती बोलणारी माणसं.

४. जगभर एकच खुणांची भाषा का नाही?

हा प्रश्न सगळेच विचारतात. खुणा तर सगळ्यांना दिसतात, मग वेगळ्या कशाला? पण भाषा कुणी बसून ठरवत नाही. माणसं एकत्र राहतात तिथे ती घडते, आणि माणसं वेगवेगळ्या ठिकाणी राहतात.

एएसएलचीच कूळकथा पाहा. अमेरिकेतली कर्णबधिरांची पहिली कायम टिकलेली शाळा १८१७ साली हार्टफर्ड इथे निघाली. थॉमस गॅलॉडेट यांनी तिच्यासाठी पॅरिसहून लॉराँ क्लेर या कर्णबधिर शिक्षकाला आणलं. क्लेर यांच्याबरोबर फ्रेंच खुणा आल्या, त्या अमेरिकेत आधी रुळलेल्या खुणांत मिसळल्या. अशा खुणा रुळलेली एक वस्ती मॅसॅच्युसेट्सजवळच्या मार्थाज विनयार्ड बेटावर होती. तिथे आनुवंशिक बहिरेपण इतकं सर्रास होतं की ऐकू येणारे गावकरीही सहज हातांनी बोलत. या सगळ्याचा परिणाम असा, की एएसएलचं जवळचं नातं फ्रेंच खुणांच्या भाषेशी आहे. ब्रिटिश खुणांची भाषा वेगळीच. लंडन आणि न्यूयॉर्कची ऐकणारी माणसं एकमेकांशी इंग्रजीत गप्पा मारतील, कर्णबधिर माणसं मात्र अडतील. इंग्रजी अक्षरंसुद्धा अमेरिकेत एका हातानं दाखवतात, ब्रिटनमध्ये दोन हातांनी.

भाषा जन्मताना पाहण्याची संधीही अभ्यासकांना एकदा मिळाली. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात १९७०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत कर्णबधिर मुलं आपापल्या घरात एकेकटी होती. मग मानाग्वा शहरात त्यांच्यासाठी शाळा निघाल्या आणि शेकडो मुलं एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठ वाचून स्पॅनिश शिकवत होते. मुलं मैदानात आणि बसमध्ये एकमेकांशी हातांनी बोलू लागली. मोठ्यांच्या मोडक्या खुणा धाकट्यांनी उचलल्या आणि नियमात बसवल्या. १९८६ साली भाषाशास्त्रज्ञ ज्युडी केगल तिथे पोचल्या, तोवर एक नवी भाषा उभी राहत होती. कुणीही न शिकवता.

५. ज्या भाषेसाठी मार खावा लागला

आता एक कडू गोष्ट. १८८० साली इटलीत मिलान इथे कर्णबधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. प्रतिनिधी जवळजवळ सगळे ऐकू येणारे. त्यांनी ठराव केला की मुलांना बोलायला आणि ओठ वाचायलाच शिकवावं, खुणा नकोत. अमेरिकेचे प्रतिनिधी विरोधात होते, पण ठराव झाला आणि त्याची लाट अमेरिकेतही पोचली. खुणा करणारे कर्णबधिर शिक्षक वर्गांतून हद्दपार झाले. पुढे कित्येक पिढ्या मुलांना वर्गात हात हलवले म्हणून शिक्षा होत असे. भाषा टिकली ती वसतिगृहांत आणि कर्णबधिरांच्या क्लबांत.

आपली भाषा मरेल या धास्तीनं अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेनं त्या वेळचं अगदी नवं तंत्र हाताशी धरलं : चित्रपट. १९१३ साली जॉर्ज व्हेडिट्झ यांनी कॅमेऱ्यासमोर खुणांच्या भाषेच्या रक्षणासाठी केलेलं भाषण आजही पाहता येतं. ‘जिला लिपी नाही तिला साहित्य कसलं’ म्हणणाऱ्यांना हे चांगलं उत्तर आहे. या भाषेतल्या कविता, विनोद, गोष्टी हातांवर आणि फिल्मवर जगतात.

१९८८ साली गॅलॉडेटच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडलं. सव्वाशे वर्षांत तिथे एकही कर्णबधिर अध्यक्ष झाला नव्हता. आठवडाभराच्या आंदोलनानंतर आय. किंग जॉर्डन अध्यक्ष झाले आणि सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. त्यानंतर महाविद्यालयांतले एएसएलचे वर्ग भरभर वाढले. १९९०च्या पटनोंदणीत देशभर जेमतेम सोळाशे नावं होती; २०२१ मध्ये एक लाख सात हजारांवर, स्पॅनिश आणि फ्रेंचच्या खालोखाल तिसरा क्रमांक. मिलानच्या ठरावाबद्दल त्याच परिषदेनं २०१० साली व्हँकुव्हरमध्ये खेद व्यक्त केला.

इथे एक विसंगती आहे. ज्या भाषेसाठी कर्णबधिर मुलांनी मार खाल्ला, तिच्यासाठी आता ऐकू येणाऱ्या मुलांना गुण मिळतात. म्हणूनच तिथल्या कर्णबधिर समाजाचा आग्रह असतो की शिकवायला शक्यतो आमच्यातला शिक्षक असावा.

६. मग सोपी भाषा कोणती?

परराष्ट्र खात्याची यादी पुन्हा काढू. इंग्रजी माणसासाठी फ्रेंच सोपी, जर्मन थोडी जड, हिंदी त्याहून जड, साधारण ४४ आठवडे. जपानी, चिनी, कोरियन, अरबी सगळ्यांत अवघड : ८८ आठवडे. मात्र हे माप इंग्रजी माणसाचं आहे. मराठी घरातल्या मुलानं ते आपल्याला लावू नये. कारण पाहा :

जपानी : तानाका-सान वा / तोक्यो दे / होन ओ / काइमास.
मराठी : तानाका / तोक्योत / पुस्तक / विकत घेतो.

शब्दांचा क्रम तोच. क्रियापद शेवटी, आणि ‘-त’सारखा ‘दे’ नामाच्या मागे. इंग्रजी मुलाला हे वाक्य उलटं करून घ्यावं लागतं, मराठी मुलाला नाही. जपानी लिपी मात्र कुणालाच सोडत नाही. रोजच्या वापराची सरकारमान्य चित्राक्षरंच २,१३६ आहेत.

एएसएल सोपी असेल म्हणून घेणाऱ्यांची फसगत होते. पहिले चार महिने मजेत जातात, खुणा पटापट पाठ होतात. मग कळतं की इंग्रजी वाक्यातल्या शब्दाशब्दाला खूण ठेवून भागत नाही. दुसरी अडचण डोळ्यांची. नवशिका हातांकडे बघतो. सरावलेला माणूस चेहऱ्याकडे बघतो आणि हात त्याला नजरेच्या कडेनं दिसतात. खुणा करणं त्या मानानं लवकर येतं, दुसऱ्याच्या वेगात समजून घेणं उशिरा.

वर्गाचे रिवाजही शिकावे लागतात. बऱ्याच वर्गांत तोंडानं बोलायला मनाई असते. लक्ष वेधायला दिवा उघड-मीट करायचा किंवा खांद्यावर हलकेच थाप द्यायची. कुणी बोलत असताना नजर दुसरीकडे वळवणं म्हणजे कानांत बोटं घालण्याइतकं उद्धट. माणसाकडे बोट दाखवणं मात्र उद्धट नाही, ते सर्वनाम आहे. आणि खुणेतलं आपलं नाव स्वतः ठेवायचं नसतं, कर्णबधिर समाजातल्या कुणी तरी द्यायचं असतं.

या मेहनतीची नोंदही होते. कॅलिफोर्नियानं २०११ मध्ये कायदा करून, इंग्रजीबरोबर आणखी एका भाषेत प्रावीण्य दाखवणाऱ्या विद्यार्थ्याच्या शालान्त प्रमाणपत्रावर खास मोहोर उमटवायला सुरुवात केली. इतर राज्यांनी ती उचलली. एएसएल तिच्यात चालते आणि मराठीचीही चाचणी देता येते. रविवारच्या मराठी शाळेत कुरकुरत बसलेल्या मुलांना हे सांगायला हरकत नाही.

७. आपल्याकडे काय आहे?

२०११च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्ती सुमारे ५० लाख नोंदल्या गेल्या. त्यांतली बरीच माणसं भारतीय सांकेतिक भाषा बोलतात. ती एएसएलची नक्कल नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळुरू इथल्या खुणा नोंदवल्या. शहरागणिक शब्द बदलतात, पण बराच शब्दसाठा सामाईक निघाला. पुढे उल्रिके झेशान यांनी दाखवलं की दिल्ली आणि कराचीच्या कर्णबधिरांच्या भाषेचं व्याकरणही जवळपास एकच आहे. या भाषेत क्रियापद बहुधा कर्माच्या मागून येतं, मराठीसारखं. पण प्रश्नाचा शब्द अगदी शेवटी जातो : ‘तू – जाणे – कुठे?’

भारतातली कर्णबधिरांची पहिली मानली जाणारी शाळा मुंबईत १८८०च्या दशकात निघाली, म्हणजे मिलानच्या लाटेतच. पुढेही आपल्या बहुतेक शाळांचा भर बोलायला लावण्यावर राहिला. सरकारी पातळीवर चित्र बदललं ते अलीकडे. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन व प्रशिक्षण संस्था झाली. तिचा शब्दकोश २०२१ मध्ये दहा हजार शब्दांवर गेला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात या भाषेचा उल्लेख आला. आणि जुलै २०२१ मध्ये तिला शालेय भाषा विषयाचा दर्जा जाहीर झाला; राष्ट्रीय मुक्त विद्यालयात दहावीच्या पातळीवर तो घेता येतो. ऐकू येणाऱ्या मुलालाही.

पण नेहमीच्या शाळेत हा विषय अजून क्वचितच दिसतो, आणि अडचण पुस्तकांची कमी, शिक्षकांची जास्त आहे. दिल्लीच्या संस्थेत कर्णबधिर व्यक्तींना ही भाषा शिकवण्याचं प्रशिक्षण देणारी पदविका आहे. एखाद्या शाळेला भाषांच्या यादीत ही भाषा घालायची असेल, तर तिनं पहिली नेमणूक अशा पदविकाधारकाची करावी. भिंतीवर खुणांचा तक्ता लावून, ऐकू येणाऱ्या शिक्षकानं आठवड्याला एक तास घेतला, तर मुलं चाळीस खुणा शिकतील आणि भुवया कोऱ्याच राहतील. वर्गात कर्णबधिर शिक्षक असेल तर व्याकरण येईल आणि ज्याच्याशी बोलायचं तो माणूसही पहिल्या दिवसापासून समोर असेल. म्हणजे दोन्ही कसोट्या एका नेमणुकीत पुऱ्या होतात. फ्रेंचच्या वर्गाला एवढी सोय सहसा मिळत नाही.